सांगणाऱ्याचं काय जातं?

इसवी सन १४७० च्या आगेमागे रशियातल्या त्वेर शहरचा एक व्यापारी बीदरला येऊन पोचला. नाव अफनासी निकितीन. होर्मुझहून एक घोडा घेऊन तो चौलला उतरला, तिथून जुन्नरला आणि मग बहमनी सुलतानांच्या राजधानीत, म्हणजे बीदरला आला. आपल्या देशात खपेल असा माल हिंदुस्थानात रग्गड मिळतो, असं त्याला ओळखीच्या झालेल्या व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. घोडा बीदरला विकला गेला खरा, पण परत न्यायला माल काही मिळेना. मिरी स्वस्त, रंग स्वस्त, पण रशियात नेण्याजोगं काही नाही. त्यात समुद्रावर चाचे आणि वाटेत जकात. त्या लोकांनी आपल्याला फसवलं, असं त्यानं आपल्या टिपणांत चडफडत लिहून ठेवलंय.

याच प्रवासात त्याला उलटा अनुभवही आला होता. जुन्नरला तिथल्या असदखान नावाच्या सरदारानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असं बजावलं. तेव्हा मोहंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ मध्ये पडला. तो स्वतः खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला.

दोन्ही वेळा परक्या मुलखातला एक माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबला होता. मालाबद्दल सांगणाऱ्या व्यापाऱ्यांचं बोलण्यात काही जात नव्हतं. हा रशियन पुन्हा भेटेल न भेटेल, जाब विचारायला येईल कुठून? खोरासान्याचं मात्र बरंच काही जाण्यासारखं होतं. खानाच्या दरबारातली स्वतःची पत त्यानं एका उपऱ्यासाठी खर्ची घातली होती. साडेपाचशे वर्षांनंतर आपण मोबाइलवर चार तारे बघून पंप मागवतो, रील बघून गोळ्या घेतो, व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवून पैसे गुंतवतो. तिथंही भरवसा जोखायचा तर प्रश्न एकच उरतो: सांगणाऱ्याचं काय जातं?

माउथ पब्लिसिटीची ताकद धंदेवाल्यांना नव्यानं सांगायची गरज नाही. नील्सन या संशोधन कंपनीनं ५६ देशांतल्या २८ हजारांहून अधिक लोकांना विचारून २०१२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाच्या शिफारशीवर विश्वास ठेवणारे त्यात ९२ टक्के निघाले. यात नवल नाही. नवल पुढच्या आकड्याचं आहे. इंटरनेटवरच्या ग्राहकांची मतं, म्हणजे ज्यांचं तोंड कधी बघितलेलं नाही अशांची मतं, भरवशाची मानणारे ७० टक्के होते. जाहिरातीवर संशय घेणारा माणूस अनोळखी ग्राहकाला मात्र आपल्यातलाच समजतो. बाजारानं नेमकं हेच हेरलं.

भाव झाकलेला, माणूस उघडा

ओळखीतला भरवसा कसा चालतो, हे बघायला बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यासारखी जागा नाही. कमठाणा हे बीदर शहराजवळचं, जुन्या तलावाचं गाव. या भागात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू एकाच बैठकीत बोलल्या जातात आणि सोयरीकी उदगीर-निलंग्यापर्यंत पोचलेल्या असतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, पण नात्यागोत्याची आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीची वाट तीच राहिली.

हा देवणी जनावरांचा मुलूख. सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेला तो शेवरा. हाळी हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावच्या खंडोबाची यात्रा, बैल घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. मग खूर, वशिंड, भोवरे, चाल. पण खरी भीती जे दिसत नाही त्याची. बैल मारका आहे का? औताला जुंपल्यावर मध्येच बसतो का? भर उन्हात दम टाकतो का? ही खोड फक्त मालकाला ठाऊक असते.

म्हणून मध्ये दलाल लागतो. तो घेणाऱ्याचा हात आपल्या उपरण्याखाली घेतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. आकडा आजूबाजूच्या कुणालाही कळत नाही. मान हलते, पुन्हा हात झाकले जातात, एखादं बोट कमी होतं, सौदा जमतो, विसार हातावर पडतो. भाव असा झाकलेला असला तरी माणूस उघडा असतो. दलालाचं गाव, घराणं, भाऊबंद चार जणांना माहीत असतात. पुढच्या बाजाराला तो तिथंच उभा राहणार असतो. त्यानं ‘गरीब आहे, पोरं खेळतात त्याच्याशी’ म्हणून गळ्यात मारलेला बैल मारका निघाला, तर ती गोष्ट त्याच्या आधी पुढच्या बाजारात पोचते. दलालाला दोन्हीकडून मिळणारी दलाली सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्याचा शब्द चालतो. कारण खोटं बोलला तर त्याचं काय जाईल, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

ऑनलाइन बाजारानं हे चित्र उलटं केलं. तिथं भाव सगळ्या जगाला दिसतो आणि माणूस झाकलेला असतो.

माणूस झाकला की बाजाराचं काय होतं, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला, सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या टाकाऊ गाड्या. मग घेणारा भाव आणखी पाडतो, उरल्यासुरल्या बऱ्या गाड्याही जातात. हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ मध्ये याच विचारासाठी अकरलॉफ यांना नोबेल मिळालं. हमी, नाममुद्रा, ओळखीचा शब्द हे सगळे या रोगावरचे उपाय आहेत. ग्राहकांचे तारे हा त्यातला सगळ्यात नवा उपाय.

ऐकलेलं आणि बांधावरून पाहिलेलं

गावातली माउथ पब्लिसिटी नुसत्या तोंडानं होत नाही, हे आपण विसरतो. तिला डोळ्यांची साथ असते. शेजाऱ्यानं तुरीचं नवं वाण लावलं, तर तो काय म्हणतो ते पारावर ऐकायला मिळतं, आणि शेंगा किती लागल्या, मर किती आली, हे बांधावर उभं राहिलं की दिसतं. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथल्या शेतकऱ्यानं वाण निवडलं ते मानांकनाच्या आधीपासून असंच, बांधावरून बघून.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास केला आणि तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोन सोडून सगळ्यांनी पुढे ते बियाणं घेतलं होतं. नवं बियाणं आलंय ही बातमी जवळजवळ निम्म्या शेतकऱ्यांना प्रथम कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली होती. पण घ्यायचं असं मन कुणामुळे झालं, याच्या उत्तरात शेजारी सगळ्यांच्या पुढे होते. शिवाय बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याच रानात पेरून बघितलं, मग हळूहळू क्षेत्र वाढवलं. म्हणजे कळवण्याचं काम विक्रेत्यानं केलं आणि पटवण्याचं काम शेजाऱ्याच्या पिकानं.

खेड्यातला शब्द भरवशाचा होता तो खेड्यातली माणसं फार सत्यवचनी म्हणून नव्हे. तो पडताळून बघता येत होता आणि खोटा निघाला तर सांगणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नव्हती. या दोन गोष्टी काढून घेतल्या तर खेड्यातला शब्दही इंटरनेटवरच्या शब्दाइतकाच पोकळ ठरतो. औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून अख्ख्या गावानं एकच फवारा मारला आणि त्या कंपनीची त्या वर्षी दुकानदारांसाठी सहलीची योजना होती, असं घडू शकतं. तिथं सांगणारा ओळखीचाच असतो. पण शब्द मानला गेला तर त्याला काय मिळणार आहे, हे झाकलेलं असतं.

नात्याचाच धंदा करणारी साखळी योजना याहून पुढची. “दाजी, घेऊ नका, नुसतं येऊन ऐका की एकदा,” असं मेव्हण्यानं म्हटल्यावर दाजींना नाही म्हणवत नाही. बैठकीत कोट घातलेला कुणीतरी फळ्यावर वर्तुळं काढून दाखवतो: तुमच्याखाली दोघं, त्यांच्याखाली चौघं. इथं विकली जाणारी खरी वस्तू डब्यातली पावडर नव्हे, मेव्हण्याचं नातं. त्यानं पंधरा-वीस वर्षांत कमावलेला शब्द कंपनी काही हजारांच्या कमिशनवर वापरून घेते, आणि योजना बुडाली की कंपनी नामानिराळी राहते, मेव्हणा नात्यात तोंड लपवत फिरतो. सरकारनं २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजना आणि पैशाच्या साखळी योजना चालवायला बंदी घातली आहे. माल विकून मिळणारं कमिशन वेगळं आणि नवी माणसं आत आणल्याबद्दल मिळणारे पैसे वेगळे, ही त्यातली खूण लक्षात ठेवण्यासारखी. पैसे माणसं आणण्याचे मिळत असतील, तर माल हे फक्त निमित्त आहे.

चार पूर्णांक दोन तारे

आता ऑनलाइन बाजाराकडे येऊ. समजा, कमठाण्यातल्या एका शेतकऱ्याला बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घ्यायचाय. तूर फुलात आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीवर फवारणी वेळेत व्हावी लागते, पंप मध्येच बंद पडून चालत नाही. मोबाइलवर एक पंप दिसतो. ४.२ तारे, हजारो मतं. मतं नीट वाचली तर ती साधारण अशी असतात: “पॅकिंग मस्त.” “डिलिव्हरी वेळेआधी आली.” “दिसायला भारी.” पाच तारे.

ही मतं खोटी असतीलच असं नाही. पण ती पंपाबद्दल नाहीत, खोक्याबद्दल आहेत. माल घरी आल्यावर दोन-चार दिवसांत ॲप ‘मत द्या’ म्हणून मागे लागतं आणि माणूस तेव्हाच लिहून मोकळा होतो. पंपाची खोड कळते ती दुसऱ्या हंगामात. बॅटरी अर्ध्या एकरात उतरते, वॉशर गळतो, सुटे भाग बीदरच्या दुकानात मिळत नाहीत. तोवर मत देणारा ते पान विसरलेला असतो. कित्येकदा १६ लिटरचा, २० लिटरचा आणि हातपंप अशा सगळ्यांची मतं एकाच आकड्यात मिसळलेली असतात. त्याहून वाईट म्हणजे, जुन्या, चांगल्या वस्तूला मिळालेले तारे नव्या, वेगळ्याच वस्तूच्या पानावर चिकटवण्याची युक्तीही चालते. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर याच कारणासाठी कारवाई करून सहा लाख डॉलर वसूल केले.

दुसरी अडचण मत कोण लिहितं याची. खूश झालेला लिहितो, भडकलेला लिहितो. ‘ठीक आहे, चालतंय’ असं वाटणारा बहुसंख्य ग्राहक लिहितच नाही. म्हणून ऑनलाइन मतांचा आलेख काढला तर पाच ताऱ्यांपाशी उंच टेकाड, एका ताऱ्यापाशी छोटं टेकाड आणि मध्ये सपाटी असं दिसतं. त्या दोन टोकांची सरासरी म्हणजे ४.२. ती सरासरी कुणा एकाचाही अनुभव नसू शकते.

तिसरी अडचण आपल्या स्वतःच्या मनाची. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रयोग केला आणि २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष दिले. वाचकांच्या काही प्रतिक्रिया यादृच्छिक निवडून त्यांना त्यांनी सुरुवातीलाच एक खोटी पसंती देऊन ठेवली. एकच. अखेरीस अशा प्रतिक्रियांचे गुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. खोट्या नापसंतीचा परिणाम मात्र टिकला नाही, वाचकांनी ती भरून काढली. पहिली शाबासकी कुणी दिली हे कुणी विचारत नाही, पण पुढचे सगळे तिच्या मागे जातात. विक्रेते पहिली दहा-वीस मतं मिळवायला जिवाचा आटापिटा करतात तो उगीच नाही.

खोट्या ताऱ्याचा हिशोब

आटापिटा करण्याइतका त्यात पैसा आहे का? हार्वर्डचे मायकेल लुका यांनी सिॲटल शहरातल्या उपाहारगृहांची उलाढाल आणि त्यांना येल्प या संकेतस्थळावर मिळालेले तारे ताडून पाहिले. एक तारा वाढला की उलाढाल पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या उपाहारगृहांवर होत होता. मोठ्या साखळ्यांना तो जाणवला नाही, कारण त्यांचं नाव आधीच लोकांच्या ओळखीचं होतं. ज्याला ओळख नाही त्याला तारा लागतो, आणि म्हणून खोट्या ताऱ्याचा मोहही त्यालाच जास्त.

खोटं मत लिहायला किती खर्च येतो, यावरही बरंच अवलंबून असतं. डीना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हालिए यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांबद्दल दोन संकेतस्थळांवरच्या मतांची तुलना केली. ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही मत लिहिता येत होतं. एक्सपीडियावर मात्र तिथून खोली घेतलेल्यालाच लिहिता येत होतं. शेजारी प्रतिस्पर्धी असलेल्या हॉटेलांना पहिल्या ठिकाणी वाईट मतं तुलनेनं जास्त मिळत होती. खोटं बोलायला खोलीचं भाडं मोजावं लागलं की खोटेपणा आपोआप कमी होतो. ‘खरेदीची खातरजमा झालेलं मत’ या शिक्क्याला थोडीफार किंमत आहे ती यामुळे. मात्र तोही तोडता येतो. आधी वस्तू विकत घ्यायला लावायची, पाच तारे लिहून घ्यायचे आणि मग सगळे पैसे गुपचूप परत करायचे, असा व्यवहार समाजमाध्यमांवरच्या गटांतून चालतो.

कुंपण किती ठेंगणं आहे, हे लंडनच्या ऊबा बटलर या पत्रकारानं २०१७ मध्ये दाखवून दिलं. डलिच भागातल्या आपल्या घरामागच्या शेडची त्यानं उपाहारगृह म्हणून नोंद केली. ताटांचे फोटो दाढीचा फेस, रंग असल्या वस्तूंचे काढले आणि मित्रांकडून मतं लिहून घेतली. ‘सध्या जागा नाही’ हे एकच उत्तर तो फोनवर देत राहिला. काही महिन्यांत ती शेड ट्रिपॲडव्हायझरच्या यादीत लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं उपाहारगृह झाली. तिथं तोवर एकही पाहुणा जेवला नव्हता.

आपल्याकडे या धंद्याला आणखी एक फाटा फुटला. ‘घरबसल्या कमवा, हॉटेलांना नकाशावर पाच तारे द्या, दर ताऱ्याचे पन्नास रुपये’ असा मेसेज येतो. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. मग टेलिग्रामवरच्या गटात घेतात आणि ‘आगाऊ रक्कम भरायची कामं’ सुरू होतात. आधी हजार, मग दहा हजार, मग अडकलेले सोडवायला लाख. गटातले बाकीचे ‘सभासद’ आपल्याला किती मिळाले याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. तेही त्याच टोळीचे. म्हणजे खोटी साक्ष द्यायला बसलेला माणूस दुसऱ्या खोट्या साक्षींनाच भुलतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून असल्या अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीची शंभरहून अधिक संकेतस्थळं बंद करण्यात आली. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचं असतं. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते.

ओळखीच्या हातून आलेलं अनोळखी

विक्रीशी संबंध नसलेली, पण याच रोगाची सगळ्यात भयंकर खूण याच बीदर जिल्ह्यात उमटली. १३ जुलै २०१८ रोजी औराद भागातल्या एका गावी हैदराबादहून काही तरुण ओळखीच्या माणसाकडे आले होते. परतताना त्यांच्यातल्या एकानं शाळेतल्या मुलांना चॉकलेटं दिली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत देशभर फिरत होते. तशातच या गाडीबद्दलचा मेसेज व्हॉट्सॲपवरून पुढच्या गावांत गेला. मुरकी गावाजवळ रस्ता अडवला गेला आणि जमावानं त्यांना मारहाण केली. एक तरुण अभियंता मेला, त्याचे सोबती गंभीर जखमी झाले. त्याआधी पंधरवडाही झाला नव्हता, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी पाच भिक्षेकरी जिवानिशी गेले होते.

मेसेज पाठवणारा गावचाच होता, चुलता, मित्र, गटातला कुणी. त्याच्यावर विश्वास ठेवण्यात गैर काही नव्हतं. पण त्यानं स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. ओळखीच्या माणसाची पत अनोळखी बातमीला चिकटली, आणि ती पुढे ढकलण्यात कुणाचंच काही जाणार नव्हतं. हेच यंत्र ‘हा काढा घ्या, साखर पळते’ या मेसेजला चालवतं आणि ‘या ॲपवर पैसे दुप्पट’ या मेसेजलाही.

व्हॉट्सॲपनं जुलै २०१८ मध्येच पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. ही मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं सांगितलं. पाठवण्याला दोन बोटांचा जास्त त्रास पडला, एवढ्यानं हा फरक झाला.

कायदा कुठवर पोचतो

सांगणाऱ्याचं काहीतरी जावं, ही व्यवस्था आता कायद्यानंही करायला घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि तिची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्ष आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते. आपण पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवलं तर तो सुटतो. २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं स्पष्ट केलं, की पैसे, फुकट वस्तू, सहल, नातं, काहीही मिळालं असेल तर ते प्रेक्षकाला सहज दिसेल अशा जागी आणि सोप्या भाषेत सांगायला हवं. ऑनलाइन मतांसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. मत कुणी दिलं, ते कसं तपासलं, कोणतं काढलं याची शिस्त त्यात आहे. सुरुवातीला मात्र ते ऐच्छिक ठेवलं गेलं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कायदा पैसे घेऊन बोलणाऱ्याला गाठू शकतो. फुकटात, चांगल्या मनानं चुकीचं पुढे ढकलणाऱ्याला तो गाठू शकत नाही, आणि गाठूही नये.

मग ऑनलाइन मतं बघायचीच नाहीत का? तसंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवलं, की नव्या नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्या मित्राकडून येत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येते. जवळच्यांना तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. गावचा शब्द खात्रीचा असतो, पण तो गावाएवढाच असतो, आणि कित्येकदा भावकीएवढाच. कमठाण्यातल्या एखाद्या मुलीला लॅपटॉप घ्यायचा असेल तर पारावर तिला विचारायला कुणी सापडेलच असं नाही. तिथं अनोळखी माणसाचं मोबाइलवरचं मत उपयोगी पडतं, फक्त ते कसं वाचायचं हे कळलं पाहिजे.

वाचताना चार गोष्टी बघाव्यात. सांगणाऱ्यानं वस्तू वापरली आहे का, किती दिवस? तो आपल्यासारख्याच कामासाठी वापरतो का? हे सांगून त्याला काही मिळतंय का? आणि चुकलं तर त्याचं काही जातंय का? पाच तारे आणि एक तारा बाजूला ठेवून मधली, तीन ताऱ्यांची मतं आधी वाचावीत. लिहून पैसे मिळवणारा तिकडे फिरकत नाही आणि भडकलेला तिथं थांबत नाही. नवी मतं आधी वाचावीत, कारण जुने तारे जुन्या मालाचे असतात. ‘छान’, ‘मस्त’ला शून्य किंमत द्यावी. ‘दुसऱ्या वर्षी बॅटरी अर्धीच चालते’ या एका वाक्याला शंभर ताऱ्यांची किंमत द्यावी. आणि ज्या गोष्टीत जिवाचा किंवा जन्मभराच्या पुंजीचा प्रश्न आहे, औषध, गुंतवणूक, ऑपरेशन, तिथं तारे मोजूच नयेत. ज्याला जाब विचारता येतो अशा, नोंदणी असलेल्या माणसाचं तोंडी नव्हे, लेखी मत घ्यावं.

यातलं अर्धं काम मात्र वाचणाऱ्याचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे, आणि लिहिणारे आपणच आहोत. पंप घेतला तर खोकं फोडल्या दिवशी तारे देऊ नयेत. फवारणीचा एक हंगाम जाऊ द्यावा, मग मराठीत, कन्नडमध्ये, येईल त्या भाषेत किती एकर, कोणतं पीक, काय बिघडलं आणि सुटा भाग कुठं मिळाला, एवढं लिहावं. फुकट मिळाला असेल तर तसंही लिहावं. अशा चार ओळी लिहिणाऱ्याचं दहा मिनिटांपलीकडे काही जात नाही, पण त्या वाचून पुढच्या तालुक्यातल्या कुणाचे तरी तीन-चार हजार रुपये वाचतात.